‘पूर्ण’च्या रकान्यात

उभ्यानं घ्यायच्या बैठकीत खुर्च्या आणायच्या नाहीत, असं संचालकसाहेबांनी स्वतः बजावलं होतं. तरी पहिल्याच सकाळी एक खुर्ची आत आली. ती त्यांचीच होती.

“मला पाठीचं दुखणं आहे,” सरंजामेसाहेब म्हणाले आणि बसले. “बाकी सगळे उभे राहा. संकल्पनाच ती आहे.”

साहेब बसल्यावर उपसंचालक कारखानीस उभे कसे राहणार? त्यांचीही खुर्ची आली. मग लेखाधिकाऱ्यांना आठवलं की त्यांची वेतनश्रेणी कारखानिसांएवढीच आहे. त्यांचीही आली. शेवटी खरोखर उभे राहिलो ते आम्ही तिघंच. मी, कंत्राटावरचा प्रोग्रामर इरफान मुकादम, आणि ही सगळी टूम शिकवायला आलेला ऋत्विज पाटणकर.

ऋत्विजनं टाळ्या वाजवल्या. “गुड मॉर्निंग, टीम! प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार आणि अडथळा काय आहे. दिगंबर, तुमच्यापासून सुरू करू या?”

दिगंबर हे कारखानिसांचं नाव आहे हे आमच्यातल्या निम्म्यांना त्या दिवशी कळलं. कारखानिसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “मला अडथळा नाही. मी इतरांचे दूर करतो.”

मी तेव्हा सागरी इशारा संचालनालयात प्रणाली अधिकारी होते. बेलापूरला एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आमचं कार्यालय. काम एकच. वेधशाळेकडून वादळाचा इशारा आला की तो किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटींच्या तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशांना, फोनवर पोचवायचा. मोठ्या ट्रॉलरवाल्यांकडे वायरलेस असतो, त्यांना आमची गरज नव्हती. आमचे लोक म्हणजे लहान होडीवाले, किनारा फार न सोडणारे, फोनची रेंज मिळते तिथवरच जाळं टाकणारे. एवढ्या एका कामासाठी संचालक, उपसंचालक, लेखाधिकारी, आस्थापना शाखा, दोन गाड्या आणि मजलाभर माणसं होती.

सरंजामेसाहेब परदेशात प्रशिक्षणाला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की आता आपण ‘अजाइल’ होणार. मोठं काम वर्षानुवर्षं ताणत बसायचं नाही, त्याचे लहान तुकडे करायचे, दर पंधरवड्याला एक तुकडा वापरात आणायचा, वापरणाऱ्यांना विचारायचं, चुकलं असेल तर लगेच सुधारायचं. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं होतं की आमच्याकडे चालणार नाही हे मला तिथल्या तिथे कळलं.

हे शिकवायला पुण्याहून ऋत्विजला आणलं. तिशीचा, कॅनव्हासचे बूट, पाठीवर सॅक, खिशात रंगीत कागदाचे चिकटणारे तुकडे. कामाला तो ‘स्टोरी’ म्हणायचा, पंधरवड्याला ‘स्प्रिंट’, कोळ्यांना ‘एंड युजर’. त्यानं भिंतीवर एक मोठा फळा लावला. त्यावर तीन रकाने होते, ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘पूर्ण’. काम पुढे सरकलं की त्याचा कागद पुढच्या रकान्यात चिकटवायचा. सरंजामेसाहेबांना त्या फळ्याचं इतकं कौतुक की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी फळा दाखवायचे, मग चहा.

नंतर ‘डेव्हऑप्स’ आलं. प्रोग्राम लिहिणारा आणि तो सर्व्हरवर चालवणारा, या दोघांनी एकत्र बसून काम करायचं, मधली भिंत पाडायची, असं ऋत्विजनं एका भाषणात सांगितलं. साहेबांनी बांधकाम विभागाला पत्र लिहिलं आणि आमच्या खोलीतली आणि सर्व्हरच्या खोलीतली भिंत खरोखर पाडून घेतली. आठवडाभर आम्ही सिमेंटची धूळ खाल्ली. मग सुरक्षेच्या नियमावर बोट ठेवून कारखानिसांनी त्याच जागी प्लायवूडचं पार्टिशन घातलं, दाराला कडी बसवली, कडीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. साहेबांच्या अहवालात मात्र ‘भिंत दूर करण्यात आली’ एवढंच आलं.

दुपारच्या चहाला मी आणि कारखानीस ऋत्विजची यथेच्छ टिंगल करायचो. कारखानीस मुरलेले होते. कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडते आणि कशानं सुटते हे त्यांना तोंडपाठ. “बाई, असे खूप आले,” ते म्हणायचे. “सहा महिने उड्या मारतात, मग बिल काढून जातात. आपण इथेच असतो.” मला ते पटायचं. या मजल्यावर एक तरी माणूस कामाचा आहे, असं मी धरून चालले होते.

पावसाळा सरत आला तेव्हा इरफानला एक दोष सापडला. तो श्रीवर्धनकडचा, अबोल, मान खाली घालून काम करणारा. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, नवीन नोंदणीच्या बोटींना इशारा जातच नाहीये.”

“जात नाही म्हणजे? यादीत ‘पाठवला’ दिसतं की.”

“दिसतं. पण जात नाही. नवे नोंदणी क्रमांक लांब आहेत. आपली यंत्रणा शेवटचा अंक कापते, मग तो क्रमांक कुणाचाच राहत नाही, फोन नंबर सापडत नाही, आणि ती गप्प ‘पाठवला’ लिहून मोकळी होते.”

“किती बोटी?”

“नव्या म्हणजे सगळ्या लहान, मॅडम. हजाराच्या वर. दक्षिणेकडच्या बंदरांवर तर बहुतेक सगळ्याच.”

दुरुस्ती त्यानं त्याच दिवशी केली. आम्ही दोघांनी ती तपासली, वेगळ्या मशिनवर चालवून पाहिली. बिनचूक होती. ऋत्विज खूश झाला. ‘पूर्ण’च्या रकान्यात हिरवा कागद लागला.

“पूर्ण म्हणजे काय हो?” मी त्याला विचारलं.

“म्हणजे एंड युजरपर्यंत पोचलं.”

“तुमच्या एंड युजरला अजून काही पोचलेलं नाही. सर्व्हरवर काही चढवायचं तर तांत्रिक मान्यता समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक अध्यक्षांना वेळ मिळाला की होते. अध्यक्ष तीन खात्यांचे अध्यक्ष आहेत.”

मग त्यानं तो कागद काढून ‘चालू’मध्ये लावला. दुसऱ्या दिवशी सरंजामेसाहेबांनी तो पाहिला आणि परत ‘पूर्ण’मध्ये नेला. ऋत्विजनं पुन्हा काढला. साहेबांनी पुन्हा लावला आणि सगळ्यांसमोर सुनावलं, “पाटणकर, सचिवांना डेमो द्यायचाय. मला फळा हिरवा हवा.” ऋत्विजनं समितीला ईमेल केले, कारखानिसांच्या खोलीबाहेर ताटकळला, एकदा तर अध्यक्षांच्या बंगल्यावर जाऊन आला म्हणे. चहाला कारखानीस हसून हसून लाल झाले. “बंगल्यावर गेला, बाई! बुटांसकट!” मीही हसले. मला ते सगळं बिल काढण्याआधीचं नाटक वाटलं.

डेमोचा दिवस ऑक्टोबरातला. उकाडा असह्य होता. सभागृहात पडद्याच्या चौकटीला झेंडूची माळ लावली होती. डेमो खऱ्या यंत्रणेवर नव्हताच. इरफानच्या लॅपटॉपवर खोट्या बोटी, खोटा समुद्र आणि खोटं वादळ. खऱ्यावर भरवसा नाही, असं साहेब म्हणाले होते.

सचिव यायच्या थोडं आधी वेधशाळेचा इशारा आला. कमी दाबाचा पट्टा अपेक्षेपेक्षा जोरानं किनाऱ्याकडे सरकत होता, संध्याकाळपर्यंत दक्षिण किनाऱ्याला गाठणार होता. बोटींनी ताबडतोब परतावं. यंत्रणेनं तो आपोआप पुढे पाठवला. माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली, ‘सर्व नोंदणीकृत बोटींना इशारा पाठवला.’

थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला.

“मॅडम, चिंतामण नाखवा बोलतंय, खारशेत बंदरावरनं. सोसायटीचा चेअरमन.”

“बोला नाखवा.”

“वरच्या बंदराला तुमचा इशारा आला. आमच्या पोरांना का नाय आला? पोरं सगली पाण्यात हायेत. आकाश तर बघवत नाय.”

“तुमच्या बोटी नवीन नोंदणीच्या आहेत?”

“सगल्या. तुमीच तर नव्या करून घ्यायला लावल्या. आता मी एकेकाला फोन लावतंय, पण ते आमच्या बंदरापुरतं झालं. खालच्या बंदरांचा काय? त्यांना कोण सांगंल?”

मी फोन ठेवला आणि तडक कारखानिसांच्या खोलीत गेले. ते टाय नीट करत होते. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. दुरुस्ती तयार आहे, तपासलेली आहे, चढवायला फार वेळ लागणार नाही. पार्टिशनची किल्ली आणि त्यांचा होकार, एवढंच हवं होतं.

“बाई, बसा,” ते म्हणाले.

“बसायला वेळ नाही साहेब.”

“वेळ असतो. आपलं काम काय? वेधशाळेचा इशारा पुढे पाठवणं. यंत्रणा काय दाखवते?”

“पाठवला दाखवते. पण गेला नाहीये!”

“हे तुम्हाला माहीत आहे. यंत्रणेला माहीत नाही.” त्यांनी आवाज अगदी मायेनं खाली आणला. “उद्या काही झालंच, तर नोंद आपल्या बाजूनं आहे. पाठवला. वेळही लिहिलेली आहे. आणि तुम्ही आता समितीच्या मंजुरीशिवाय सर्व्हरला हात लावलात तर? मग तो दोष होता आणि आपल्याला माहीत होता, हे तुम्ही स्वतः सिद्ध कराल. कळतंय का मी काय म्हणतो?”

मला कळत होतं. नको तितकं कळत होतं. ज्या माणसाबरोबर मी वर्षानुवर्षं चहा प्यायले, तो मला समजावत होता की माणसं बुडाली तरी चालतील, फक्त ती आपल्या नोंदीत बुडता कामा नयेत. आणि समजावताना त्याचा हात अजून टायच्या गाठीवरच होता.

“सचिव आले,” बाहेरून शिपायानं सांगितलं. कारखानीस उठले. ड्रॉवरला किल्ली फिरवून ते सभागृहाकडे गेले.

मी मागोमाग गेले. सरंजामेसाहेब पहिल्या रांगेत सचिवांशेजारी बसले होते. मी चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. वाचलीच, मी त्यांचे डोळे ओळींवरून सरकताना पाहिले. मग तिची घडी केली, कपाखालच्या बशीखाली सरकवली आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले.

पडद्याशी ऋत्विज उभा होता. खोट्या समुद्रात खोट्या बोटी गुणी मुलांसारख्या एका रांगेत परतत होत्या. सचिव मान डोलावत होते. मी भिंतीशी तशीच उभी. ऋत्विजचं लक्ष माझ्याकडे गेलं, बोलता बोलता तो थांबला.

“तोरसकर मॅडम, काही अडथळा आहे?”

रोज सकाळी तो हा प्रश्न विचारायचा आणि रोज सकाळी मी ‘नाही’ म्हणायचे, तेही छताकडे बघत.

“आहे,” मी म्हणाले. “खरं वादळ येतंय. हजारावर बोटींना इशारा गेलेला नाही. त्या आत्ता पाण्यात आहेत. दुरुस्ती तयार आहे आणि ती लावायची परवानगी कुणी देत नाही.”

“तोरसकर!” सरंजामेसाहेब अर्धवट उठले. “आपण बाहेर बोलू.”

सचिवांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग घड्याळाकडे. एका माणसाचं ‘करा’ एवढं पुरेसं होतं, आणि ते म्हणण्याचा अधिकार त्या सभागृहात सगळ्यात जास्त त्यांना होता. ते म्हणाले, “हे तुम्ही तुमच्या स्तरावर बघून घ्या. मला मंत्रालयात मीटिंग आहे.”

ते उठले. ते उठले म्हणून सरंजामे उठले, सरंजामे उठले म्हणून कारखानीस उठले, आणि मग सगळं सभागृह सचिवांना लिफ्टपर्यंत सोडायला निघालं. लेखाधिकारी पुष्पगुच्छ घेऊन धावले, कारण तो द्यायचा राहिला होता. किनाऱ्यावर आभाळ काळं झालेलं आणि आमचं अख्खं संचालनालय लिफ्टच्या दारात रांग लावून उभं होतं.

मागे आम्ही तिघं उरलो.

“किल्ली?” ऋत्विजनं विचारलं.

“कारखानिसांच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरही बंद.”

तो चालू लागला. आम्ही त्याच्या मागे. पार्टिशनच्या दाराशी इरफान वाकला आणि पहिल्यांदाच हसला. सुरक्षेसाठी बसवलेल्या त्या कडीचे स्क्रू बाहेरच्या बाजूनं होते. त्यानं माझ्या टेबलावरची कात्री आणली आणि एकेक स्क्रू काढला. कुलूप जसंच्या तसं कडीत लटकत राहिलं आणि दार उघडलं.

मी सर्व्हरसमोर बसले, पासवर्ड टाकला. इरफाननं दुरुस्ती पुढे केली. स्क्रीननं विचारलं, ‘मंजुरी देणाऱ्याचं नाव.’

माझी बोटं थांबली. इरफान म्हणाला, “मॅडम, माझं टाका.”

“तुझं नको,” मी म्हणाले. “तुला संध्याकाळी काढून टाकतील आणि कुणाला कळणारही नाही.”

“माझं टाका,” ऋत्विज म्हणाला.

“तुम्ही सरकारी नोकर नाही. तुमचं नाव तिथे चालणार नाही.”

“मशिनला कळतं?”

“मशिनला नाही कळत.”

“मग लिहा. ऋत्विज, ऋषीतला ऋ. लोक चुकीचं लिहितात.”

“पाटणकर, तुमचं कंत्राट जाईल. तुमच्या कंपनीला काळ्या यादीत टाकतील.”

“मॅडम, ते नंतर. बोटी आत्ता आहेत.”

त्याच्या कपाळावर घाम होता. शूर वगैरे काही दिसत नव्हता तो. घाबरलेला, पुण्याचा, रंगीत कागद चिकटवणारा मुलगा दिसत होता. मी नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

इशारा पुन्हा सुटला. या वेळी स्क्रीनवर ‘पाठवला’च्या पुढे ‘पोचला’ही येऊ लागलं, एकाखाली एक, वाचता येऊ नये इतक्या वेगानं. मग माझ्या टेबलावरचा फोन वाजला. नाखवा ओरडत होता, “आला, मॅडम! आला! खालच्या बंदराची पण पोरं वलली!” मागे वाऱ्याचा असा आवाज होता की त्याचं पुढचं मला ऐकूच आलं नाही.

लिफ्टपाशी गेलेली मंडळी परत आली. कारखानीस पार्टिशनच्या दाराशी थबकले. स्क्रीनवर बोटींची नावं धावत होती, फोन वाजत होता. त्यांची नजर खाली पडलेल्या स्क्रूंवर गेली.

“कडी कुणी काढली?” त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी वादळ आलं आणि किनाऱ्यावर बरीच पडझड झाली. बंदरात बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, मासे सुकवायचे ओटे वाहून गेले. खारशेतच्या एका बोटीचं इंजिन ऐन वेळी बंद पडलं, दुसरीनं तिला दोर लावून ओढत आणलं. माणूस मात्र एकही गेला नाही. वर्तमानपत्रांत ‘यंत्रणेच्या तत्परतेमुळे अनर्थ टळला’ असं छापून आलं, शेजारी सरंजामेसाहेबांचा हसरा फोटो.

सोमवारी ऋत्विजचं कंत्राट रद्द झालं. कारण, ‘कार्यपद्धतीचा गंभीर भंग’. तो ओळखपत्र परत करायला आला तेव्हा मी त्याच्याबरोबर खाली गेटपर्यंत गेले. चहावाल्याकडे आम्ही उभ्यानं चहा घेतला.

“मॅडम, तुम्ही मला कधी मानलं नाहीत,” तो म्हणाला. तक्रार नव्हती, हसत होता.

“अजूनही तुमचे ते रंगीत कागद मला थोतांड वाटतात.”

“मलाही हल्ली थोडे वाटायला लागलेत.” त्यानं ग्लास ठेवला. “पण त्यात एक वाक्य आहे, ते खोटं नाही. वापरणाऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. तुमच्या साहेबांनी बाकी सगळं घेतलं, फळा घेतला, भिंत पाडली. तेवढं एक सोडलं.”

“आता काय करणार?”

“बघू. कंपनी चिडलीय. घरी अजून सांगितलं नाही.” सॅक पाठीवर टाकून तो स्टेशनच्या दिशेनं गेला.

त्याच आठवड्यात सरंजामेसाहेबांनी ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ लावली. काम संपल्यावर काय बरं झालं, काय चुकलं याचा मोकळेपणानं विचार करायची ही बैठक, ऋत्विजच्याच पद्धतीतली. त्याला बोलावलं नव्हतं. या बैठकीला सगळ्यांना खुर्च्या होत्या. ‘काय चांगलं झालं’ याखाली साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘इशारा वेळेत पोचला.’ ‘काय चुकलं’ याखाली कारखानिसांनी लिहायला लावलं, ‘विनापरवानगी बदल.’ या दोन्ही ओळी एकाच घटनेबद्दल आहेत, हे कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मग एक टाइप केलेला जबाब माझ्यासमोर आला. बाहेरच्या सल्लागारानं कर्मचाऱ्यांची दिशाभूल करून, माझ्या नकळत सर्व्हरमध्ये बदल केला, असा मजकूर.

“सही करा, बाई,” कारखानीस म्हणाले. त्याच मायेच्या आवाजात. “तुमची नोकरी थोडी राहिली आहे. हा माणूस गेलाच आहे. त्याला आता काय फरक पडतो?”

“पासवर्ड मी टाकला,” मी म्हणाले. “माझ्या नकळत माझी बोटं चालत नाहीत.”

“तोरसकर,” सरंजामेसाहेब म्हणाले, “आम्ही तुम्हाला मदत करतोय.”

“दिसतंय साहेब.”

मी तो कागद परत सरकवला. त्याचं फळ नंतर मिळालं. नोटीस, रोखलेली वेतनवाढ आणि निवृत्तीपर्यंत लेखनसामग्री भांडारात बदली. पण त्या दिवशी कारखानिसांनी लगेच पुढचा मुद्दा घेतला.

“ठीक आहे. मंजुरी नसलेला बदल सर्व्हरवर राहू शकत नाही. तो काढून मूळ स्थिती पूर्ववत करावी. मग रीतसर समितीपुढे ठेवू, मंजूर झाला की पुन्हा लावू. तोरसकरबाई, आजच करून टाका.”

मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. लेखाधिकारी तर लिहून घेत होते.

“करते,” मी म्हणाले. “आत्ता करते. फक्त मला लेखी आदेश द्या.”

“देतो की.”

“मजकूर मी सांगते, तेवढा घाला. ‘खालील बोटींना यापुढे वादळाचा इशारा पाठवू नये.’ खाली बोटींची नावं. मी यादी छापून आणली आहे.” मी ती चळत टेबलावर ठेवली. “आणि सही. कुणाचीही चालेल. साहेबांची, तुमची, लेखाधिकाऱ्यांची. ज्याची होईल त्याचं नाव मी स्क्रीनवर टाकीन. तिथे आत्ता पाटणकरांचं आहे.”

कारखानिसांनी चष्मा काढला आणि पुसू लागले, पुसतच राहिले. लेखाधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. सरंजामेसाहेबांनी यादीच्या वरच्या पानाकडे पाहिलं आणि बोटाच्या टोकानं ती चळत थोडी लांब सरकवली.

“हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ,” ते म्हणाले.

पुढच्या बैठकीत तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुरुस्ती काढा म्हणून सही करायला कुणी धजलं नाही, आणि ती राहू द्या म्हणून सही करायची तर कधी, कुणी, का लावली हे लिहावं लागलं असतं. मी निवृत्त झाले तोवर ती तशीच होती, मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. इरफान अधूनमधून फोन करतो. तो आता दुसरीकडे आहे, पण तिथल्या ओळखीच्यांकडून त्याला कळतं की ती अजून आहे. ऋत्विजच्या कंपनीनं त्याला काढलं. नंतर तो नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायला लागला, असं इरफानकडूनच ऐकलं.

त्या दिवशी बैठक तिथे संपली मात्र नाही. पुढचा विषय होता उत्कृष्ट प्रशासनाच्या पुरस्कारासाठी संचालनालयाचा अर्ज पाठवणं. तो एकमतानं मंजूर झाला. सह्या करायला रांग लागली होती.